भूमितीची तोंडओळख: दरवर्षी विचारले जाणारे तेच ते प्रश्न

मी घरी पाचवी ते नववीच्या मुलांना गणित शिकवते. जून उजाडला की भूमितीचे तेच प्रश्न परत सुरू होतात, मुलांचे वेगळे, त्यांच्या आईवडिलांचे वेगळे, आणि कधीकधी तर रात्री साडेदहाला व्हॉट्सॲपवर वहीचा फोटो येतो की मॅडम यात रेषा कुठली आणि किरण कुठला. म्हणून एकदाच सगळं लिहून ठेवतेय. पुस्तकाचा क्रम पाळलेला नाही, मुलं जिथे खरंच अडकतात तिथे जास्त लिहिलंय आणि बाकीचं दोन ओळीत उरकलंय. आकृत्या टाकता आल्या नाहीत, तर शेजारी एक कोरा कागद आणि पेन्सिल घेऊनच वाचा.

भूमिती हा शब्द कुठून आला? आणि शिकायची कशाला?

भूमी अधिक मिती, म्हणजे जमिनीचं मोजमाप. ग्रीक लोकांच्या शब्दाचा अर्थही अगदी हाच, जमीन मोजणं. आपल्याकडे यज्ञवेदी मापात बांधायला जे नियम केले ती शुल्बसूत्रं, आणि शुल्ब म्हणजे दोरी. दोरी आणि खुंट्या, बास, एवढ्यावर चौरस, आयत, वर्तुळ सगळं आखायचे. बौधायनाच्या सूत्रात आयताच्या कर्णाबद्दलचं ते विधान आहे जे आपण शाळेत पायथॅगोरसच्या नावाने शिकतो, की कर्णावरच्या चौरसाचं क्षेत्रफळ हे दोन बाजूंवरच्या चौरसांच्या बेरजेइतकं.

कशाला शिकायची याचं उत्तर मी मुलांना बांधकामावर नेऊन देते. आमच्या गल्लीत एक घर बांधायला घेतलं होतं तेव्हा पाच-सहा मुलांना पायाची आखणी बघायला घेऊन गेले. मिस्त्रींनी कोपऱ्यात खुंटी ठोकली, एका दोरीवर ३ फुटांवर खूण केली, दुसरीवर ४ फुटांवर, आणि दोन खुणांमधलं अंतर बरोबर ५ फूट येईपर्यंत दुसरी दोरी सरकवत राहिले. आलं ५, झाला काटकोन. एका मुलाने विचारलं काका तुम्हाला पायथॅगोरस माहितीये का, तर म्हणाले कोण, इथे कामाला होता का? (मी तिथेच हसून घेतलं.)

पुस्तकात बिंदूची व्याख्याच का दिलेली नाही?

हा सगळ्यात हुशार प्रश्न आहे आणि तो बहुतेक वेळा "पुस्तकात चुकून राहिलंय का" असा येतो. चुकून नाही, मुद्दामच दिलेली नाही.

एखादा शब्द शब्दकोशात बघायला जा, अर्थ सांगायला दुसरा शब्द वापरलेला असतो, तो बघायला जा तर तिसरा, आणि चार-पाच पानं उलटली की परत पहिल्याच शब्दावर येऊन आदळता. भूमितीत असं गोल फिरायचं नसेल तर कुठेतरी थांबावं लागतं. म्हणून बिंदू, रेषा आणि प्रतल हे तीन शब्द व्याख्या न करता घ्यायचे आणि बाकी सगळ्या व्याख्या यांच्यावर रचायच्या. युक्लिड या ग्रीक गणितज्ञाने इसवी सनापूर्वी ३०० च्या सुमारास "ज्याला भाग नाहीत तो बिंदू" असं लिहून बघितलं होतं, पण मग भाग म्हणजे काय हा प्रश्न उरतोच. पुढे १८९९ मध्ये हिल्बर्ट या जर्मन गणितज्ञाने सरळ सांगितलं की या तिघांची व्याख्या करायची नाही, ते एकमेकांशी कसे वागतात त्याचे नियम फक्त द्यायचे.

मुलांना मी असं सांगते: कागदावर काढतो तो ठिपका हा बिंदू नाहीये, तो बिंदूची खूण आहे. नकाशावर सांगलीचा ठिपका असतो, पण सांगली तेवढी नाही ना, तसंच. फक्त इथे उलटं आहे, ठिपका मोठा आणि खरा बिंदू इतका लहान की त्याला लांबी, रुंदी, जाडी काहीच नाही.

आणि हे नुसतं तत्त्वज्ञान नाही बरं का. एकदा सहावीतल्या एकाने मला "सिद्ध" करून दाखवलं की दोन बिंदूंमधून चार रेषा जातात! वहीवर मार्करने दोन जाडजूड ठिपके काढले होते, वाटाण्याएवढे, आणि त्यांच्यातून पट्टी थोडी थोडी तिरकी करत खरंच चार रेषा काढल्या होत्या. मी त्याला ओरडले नाही, पेन्सिलला टोक काढायला सांगितलं. बारीक ठिपके दिले तर दोनच रेषा निघाल्या, त्याही एकमेकींना जवळजवळ चिकटलेल्या. मग त्यालाच विचारलं, ठिपका अजून बारीक, अजून बारीक करत गेलास तर? तो म्हणाला एकच उरेल. दोन भिन्न बिंदूंतून एक आणि एकच रेषा जाते हे त्याला पाठ करावं लागलं नाही.

रेषा, रेषाखंड आणि किरण यात फरक काय? घरी तर सगळ्यालाच "रेघ" म्हणतात.

घरी म्हणा हो रेघ, पेपरात म्हणू नका.

रेषा दोन्ही बाजूंना अमर्याद जाते, तिला टोकच नाही, म्हणून आकृतीत दोन्हीकडे बाण. रेषाखंडाला दोन टोकं, म्हणून त्याची लांबी मोजता येते. किरणाला एक टोक, त्याला आरंभबिंदू म्हणायचं, दुसरीकडे अमर्याद. टॉर्चचा झोत डोळ्यापुढे आणा, सुरू कुठे होतो ते सांगता येतं, संपतो कुठे ते नाही.

"रेषा अब ची लांबी ६ सेमी आहे" असं लिहिलं की चूक, कारण रेषेला लांबी असूच शकत नाही, रेषाखंड अब ची असते. वर्षातून शंभरदा लाल पेनने "खंड" हा शब्द मी घुसवत असते.

किरणाच्या नावात क्रम महत्त्वाचा. किरण अब आणि किरण बअ हे वेगळे, कारण पहिला अ पासून निघतो, दुसरा ब पासून. रेषाखंडाला मात्र अब म्हणा की बअ म्हणा, तोच तो.

प्रतल म्हणजे काय, आणि तीन बिंदूंचाच आग्रह का?

प्रतल म्हणजे सगळीकडे अमर्याद पसरलेला सपाट पृष्ठभाग. फळा, टेबलाचा वरचा भाग, शांत पाण्याचा पृष्ठभाग हे प्रतलाचे तुकडे समजा.

तीनचं कारण चहाच्या टपरीवर कळतं. तिथलं चार पायांचं टेबल डुगडुगत असतं आणि कोणीतरी एका पायाखाली कागदाची घडी सरकवलेली असते. तीन पायांची तिवई मात्र कुठल्याही खडबडीत जमिनीवर ठेवा, तिरकी उभी राहील पण डुगडुगणार नाही. कारण एका रेषेत नसलेल्या तीन बिंदूंतून एक आणि एकच प्रतल जातं. चौथा पाय त्याच प्रतलात टेकेल याची खात्री नाही. "एका रेषेत नसलेल्या" हे शब्द खाऊ नका, तीनही पाय एका ओळीत लावले तर तिवई आडवीच होईल.

एकरेषीय आणि एकसंपाती यात मुलगा नेहमी घोळ करतो.

एकरेषीय हे बिंदूंबद्दल: सगळे बिंदू एकाच रेषेवर. एकसंपाती हे रेषांबद्दल: सगळ्या रेषा एकाच बिंदूतून जातात, त्याला संपात बिंदू म्हणायचं. सायकलच्या चाकाच्या तारा एकसंपाती अशी उदाहरणं देतात पण नीट बघा, त्या हबला जरा तिरक्या लागलेल्या असतात, मधल्या बिंदूतून जात नाहीत. छत्रीच्या काड्या बऱ्या.

कोनाच्या बाजू लांब केल्या तर कोन वाढतो का?

नाही. पण हा गैरसमज भयंकर चिवट आहे. दोन ३० अंशांचे कोन काढून द्या, एकाच्या बाजू बोटभर आणि दुसऱ्याच्या वीतभर, आणि विचारा कुठला मोठा. अर्धा वर्ग दुसरा म्हणेल, आठवीतली मुलंसुद्धा.

कारण आपण कोन "आकार" म्हणून दाखवतो. कोन म्हणजे किती वळलं ते. दार थोडं उघडलं, जास्त उघडलं, हे वळण मोजायचं असतं, दार किती रुंद आहे त्याचा संबंध नाही. कपाटाचं छोटं दार आणि वाड्याचा दिंडी दरवाजा दोन्ही सारखेच उघडलेले असू शकतात. शिवाय कोनाच्या बाजू किरण असतात, म्हणजे मुळातच अमर्याद, मग लांब करणार काय!

नावं पटकन: ९० पेक्षा कमी तो लघुकोन, बरोबर ९० काटकोन, ९० ते १८० च्या मधला विशालकोन, १८० सरळकोन, १८० ते ३६० च्या मधला प्रविशालकोन, ३६० पूर्णकोन. आणि कोन तीन अक्षरांत लिहिला की मधलं अक्षर हाच शिरोबिंदू, म्हणजे दोन बाजू मिळतात तो कोपरा, कोन अबक मध्ये शिरोबिंदू ब.

कोनमापकावर दोन-दोन आकडे का छापलेत? मुलगी ६० च्या जागी १२० लिहून येते.

डावीकडे उघडणारे आणि उजवीकडे उघडणारे, दोन्ही कोन मोजता यावेत म्हणून. एक ओळ उजवीकडून ० ने सुरू होते, दुसरी डावीकडून.

चूक कुठे होते ते तिच्या हाताकडे बघा म्हणजे कळेल. मुलं कोनमापक ठेवतात, दुसरी बाजू जिथे येते तिथे थेट बघतात आणि जो आकडा आधी दिसेल तो लिहितात. सवय अशी लावा: मध्याची खूण शिरोबिंदूवर, पायाची रेघ एका बाजूवर, आणि मग त्या बाजूवरच्या ० वर बोट ठेवायचं. त्याच ० पासून बोट सरकवत सरकवत दहा, वीस, तीस मोठ्याने म्हणत दुसऱ्या बाजूपर्यंत जायचं. सुरुवातीला हळू वाटतं पण आठवड्यात बसतं. आणि मोजायच्या आधी अंदाज वदवून घ्या, काटकोनापेक्षा लहान की मोठा? लहान म्हणाली असेल तर १२० आपोआप खोडते.

अजून एक, कोनमापकाची खालची कड आणि ० ची रेघ बहुतेक वेळा एक नसतात, मध्ये थोडी पट्टी असते. कड बाजूवर टेकवली की दोन-चार अंश गेलेच.

पूर्ण फेरीचे ३६० अंशच का? १०० का नाहीत?

बाबिलोनी लोक ६० च्या पटीत मोजायचे, तिथून हे आलं असं मानतात, आपले ६० मिनिटं ६० सेकंदही त्याच घरचे. सोय म्हणाल तर ३६० ला २४ विभाजक आहेत. निम्मं, तिसरा हिस्सा, पाचवा, सहावा, आठवा, नववा, यातलं काहीही करा, पूर्णांक येतो. १०० चे तीन सारखे भाग करायला गेलात की झाली पंचाईत.

कोटिकोन आणि पूरक कोन. हे युट्यूबवर उलटं का सांगतात?

उलटं नाही सांगत, हिंदीत सांगतात! हा घोळ मला कळायलाच एक वर्ष गेलं. मुलगा शपथेवर सांगत होता की पूरक म्हणजे बेरीज ९०, व्हिडिओत बघितलंय. मी व्हिडिओ बघितला तर तो हिंदी माध्यमाचा.

मराठीत: बेरीज ९० असेल तर कोटिकोन, बेरीज १८० असेल तर पूरक कोन. हिंदीत: बेरीज ९० असेल तर पूरक, बेरीज १८० असेल तर संपूरक. शब्द तोच, अर्थ निम्मा. असेच बाकीचेही आहेत, आपला काटकोन त्यांचा समकोण, आपला लघुकोन त्यांचा न्यूनकोण, आपला समभुज चौकोन त्यांचा समचतुर्भुज, आपलं एकरूप त्यांचं सर्वांगसम. हिंदी व्हिडिओ बघायला माझी ना नाही, चांगले आहेत काही, पण वहीच्या मागच्या पानावर असा तक्ता करून ठेवा. सेमीच्या मुलांनी तिसरा रकाना वाढवायचा, कॉम्प्लिमेंटरी म्हणजे कोटिकोन आणि सप्लिमेंटरी म्हणजे पूरक.

समांतर रेषा म्हणजे "कधीच न भेटणाऱ्या रेषा", एवढं लिहिलं तर चालेल का?

"एकाच प्रतलातल्या" हे राहिलं. उड्डाणपुलावरचा रस्ता आणि त्याच्या खालून आडवा जाणारा रस्ता एकमेकांना कधी भेटत नाहीत, म्हणून ते समांतर झाले का? ते वेगवेगळ्या प्रतलांत आहेत.

खरी गंमत पुढे आहे. कधीच भेटत नाहीत हे तपासायचं कसं, अमर्याद रेषेच्या मागे चालत जाणार का? म्हणून छेदिका लागते. दोन रेषांना छेदणारी तिसरी रेषा काढायची आणि कोन बघायचे. संगत कोन (दोन्ही छेदांवर त्याच जागी असलेले) समान असतील तर समांतर, व्युत्क्रम कोन (रेषांच्या मधले, वेगवेगळ्या छेदांवरचे, छेदिकेच्या उलट बाजूंचे) समान असतील तरी समांतर, छेदिकेच्या एकाच बाजूच्या आंतरकोनांची, म्हणजे रेषांच्या मधल्या कोनांची, बेरीज १८० असेल तरी समांतर. म्हणजे पार दूरवर काय होतंय हे इथल्या इथे कोपऱ्यात कळतं. मला स्वतःला शाळेत हे कोणी असं सांगितलं नव्हतं, संगत आणि व्युत्क्रम ही नुसती नावं पाठ केली होती आणि पेपर झाल्यावर विसरले होते.

युक्लिडच्या पाचव्या गृहीतकात हेच आहे: आंतरकोनांची बेरीज १८० पेक्षा कमी असेल तर त्या बाजूला रेषा भेटतात. बाकीच्या चार गृहीतकांवरून हे सिद्ध करता येईल म्हणून लोकांनी जवळजवळ दोन हजार वर्षं डोकं लावलं, जमलं नाही. एकोणिसाव्या शतकात लोबाचेव्हस्की आणि बोल्याई यांनी दाखवून दिलं की हे गृहीतक सोडूनही वेगळी पण चोख भूमिती उभी राहते. मुलांना एवढं सांगायची गरज नाही पण घरात पृथ्वीगोल असेल तर तो हातात द्या. दोन रेखावृत्तं विषुववृत्ताला काटकोनात छेदतात, म्हणजे आपल्या नियमाने समांतर व्हायला हवीत, आणि वर ध्रुवावर जाऊन भेटतात! त्या दोघांमध्ये ९० अंशांचा फरक असेल तर तयार होणाऱ्या त्रिकोणाचे तिन्ही कोन ९०, बेरीज २७०. सपाट कागदावरचे नियम चेंडूवर चालत नाहीत, एवढं डोक्यात राहिलं तरी खूप.

त्रिकोणाच्या कोनांची बेरीज १८० हे कागद फाडून दाखवलं की झालं ना सिद्ध?

दाखवून झालं, सिद्ध नाही झालं.

फाडायचा खेळ जरूर करा, मी पण करते. कागदाचा कुठलाही त्रिकोण कापा, तीन कोपरे फाडा, टोकं एकत्र आणून शेजारी शेजारी लावा, सरळ रेघ तयार होते. मुलं खूश. पण मग मी सगळ्यांना आपापल्या त्रिकोणाचे कोन मोजायला लावते आणि बेरजा फळ्यावर लिहिते: १७९, १८१, १८०, १७८, एका महाभागाचे १९२. आता खरं काय? मोजून कधीच कळणार नाही, आणि मोजले तरी किती त्रिकोण मोजणार.

सिद्धता अशी. त्रिकोण अबक घ्या, वरच्या अ मधून पाया बक ला समांतर रेषा काढा. ब चा कोन व्युत्क्रम कोनाच्या नियमाने उचलला जाऊन अ च्या एका बाजूला येतो, क चा दुसऱ्या बाजूला, मध्ये अ चा स्वतःचा. तिघे मिळून सरळकोन. बास, दोन ओळी. फाडलेले कोपरे आपण जिथे नेऊन लावले ना, तिथेच ही सिद्धता त्यांना न फाडता नेऊन लावते. आणि आता हे तुमच्या वाकड्यातिकड्या त्रिकोणाला, माझ्या त्रिकोणाला, अजून कोणी काढलेलाच नाही त्यालाही लागू.

आकृती मोजून उत्तर लिहिलं तर मार्क का कापतात? उत्तर तर बरोबर आलंय.

कारण आकृती ही फक्त आठवण ठेवायची सोय आहे. मी फळ्यावर मुद्दाम वाकडे चौरस काढते, मुलं हसतात, मी म्हणते चारही बाजू समान आणि चारही कोन ९० असं दिलंय ना, मग हा चौरस आहे, माझा हात कसा वळतो त्याच्याशी तुम्हाला काय करायचंय. जे शब्दांत दिलंय तेवढंच खरं. आकृतीत काटकोनासारखं दिसतंय पण चौकटीची खूण नाही आणि वरही लिहिलेलं नाही, तर तो काटकोन धरायचा नाही. उलट काही प्रश्नांत आकृती मुद्दाम फसवी असते.

बाबाबा, बाकोबा ही काय भानगड आहे? आणि बाबाको का नाही?

दोन त्रिकोण एकरूप आहेत, म्हणजे एकावर एक ठेवले तर तंतोतंत जुळतात, हे ठरवायच्या कसोट्या. बा म्हणजे बाजू, को म्हणजे कोन. त्रिकोणाच्या सहाही गोष्टी तपासायची गरज नसते, तीन नेमक्या जुळल्या की बाकीच्या झक मारत जुळतात. बाबाबा, बाकोबा (कोन दोन बाजूंच्या मधलाच हवा), कोबाको, कोकोबा, आणि काटकोन त्रिकोणासाठी कर्णभुजा.

कोकोको चालत नाही कारण तीन कोन सारखे असले तरी एक त्रिकोण टिकलीएवढा आणि दुसरा मैदानाएवढा असू शकतो. ते समरूप, एकरूप नव्हे.

बाबाको का नाही हे सांगू नका, काढायला लावा. अ पाशी ३० अंशांचा कोन करा. त्याच्या एका बाजूवर अब ८ सेमी घ्या. आता कंपासमध्ये ५ सेमी घेऊन ब वर टोक ठेवा आणि कोनाच्या दुसऱ्या बाजूवर कंस मारा. कंस दोन ठिकाणी छेदतो! एक अ पासून ४ सेमीच्या जरा अलीकडे, दुसरा १० सेमीच्या जरा अलीकडे. दोन्ही त्रिकोणांत ८, ५ आणि ३० तेच, पण त्रिकोण उघड उघड वेगळे. एकदा हाताने काढलं की जन्मात कोणी बाबाको लिहीत नाही.

चौरस हा आयत असतो का? घरात यावरून भांडण झालं.

असतो. चारही कोन काटकोन असले की आयत. बाजू समान नसाव्यात असं व्याख्येत कुठेही म्हटलेलं नाही. चौरसाचे कोन काटकोन आहेत, मग तो आयत झालाच, वर बाजूही समान आहेत ते त्याचं विशेष. सांगलीतले सगळे महाराष्ट्रातले, म्हणून महाराष्ट्रातले सगळे सांगलीचे नसतात ना, तसं. चौरस समभुज चौकोनही आहे आणि समांतरभुजही.

समभुज चौकोन मात्र चौरस असेलच असं नाही. समभुज त्रिकोणाचे कोन आपोआप समान होतात, मग चौकोनाचे का नाहीत, असं विचारणारं एखादं पोर प्रत्येक बॅचला असतं. त्याला काड्यापेटीच्या काड्या आणि सायकलच्या व्हॉल्व्ह ट्यूबचे तुकडे द्या, ट्यूब सांध्याला. (पुण्याच्या आयुका या खगोलशास्त्राच्या संस्थेत बरीच वर्षं काम केलेल्या अरविंद गुप्तांनी ही खेळणी घरोघरी पोचवलीत.) तीन काड्यांचा त्रिकोण दाबून बघा, हलत नाही. चार काड्यांचा चौकोन दाबला की लगेच तिरका होतो, बाजू त्याच आणि कोन बदलले. म्हणून पत्र्याच्या शेडच्या कैच्यांत त्रिकोण असतात, आणि लाकडी फाटकाला तिरकी पट्टी मारतात ती यासाठीच.

वर्तुळातली नावं लक्षात राहत नाहीत.

नावांत चित्र आहे, ते दिसलं की राहतात. जीवा किंवा ज्या म्हणजे धनुष्याची दोरी, आणि वाकलेला भाग चाप, आपण त्याला कंस म्हणतो. वर्तुळावरचे दोन बिंदू जोडणारा रेषाखंड ती जीवा, केंद्रातून गेली की तीच व्यास, म्हणजे सगळ्यात मोठी जीवा. त्रिज्या या शब्दाची गोष्ट अजून भारी आहे. आपल्या जुन्या ज्योतिषगणितात "ज्या" म्हणजे अर्धी जीवा धरत, आणि वर्तुळाच्या बारा राशी. तीन राशी म्हणजे ९० अंश, आणि तीन राशींची ज्या येते ती बरोबर केंद्रापासूनच्या अंतराइतकी, म्हणून त्रिज्या. नववी-दहावीत त्रिकोणमितीतला साईन येतो तो सुद्धा याच "ज्या"चा अरबी आणि लॅटिनमधून फिरून आलेला नातू.

केंद्र वर्तुळावर असतं का? नाही! वर्तुळ म्हणजे बांगडी, भाकरी नव्हे. केंद्रापासून ठराविक अंतरावरचे प्रतलातले सगळे बिंदू म्हणजे वर्तुळ, आतली जागा हा त्याचा अंतर्भाग.

आणि पाय (π, परीघ भागिले व्यास) म्हणजे २२/७ नाही, २२/७ ही जवळची किंमत आहे, जराशी जास्तच. पाय ३.१४१५९… असं चालू राहतं, २२/७ तिसऱ्या दशांश स्थळालाच चुकतं. आर्यभटाने ४९९ मध्ये २०,००० व्यासाला ६२,८३२ परीघ सांगितला, म्हणजे ३.१४१६, आणि सोबत "आसन्न" म्हणजे जवळचा असा शब्दही टाकला. तेवढी काळजी आपण पेपरात पण घ्यावी.

गृहीतक, प्रमेय, व्यत्यास?

गृहीतक सिद्ध न करता मान्य केलेलं, प्रमेय सिद्ध केलेलं. प्रमेय लिहिताना पक्ष म्हणजे काय दिलंय, साध्य म्हणजे काय दाखवायचंय. व्यत्यास म्हणजे पक्ष आणि साध्य यांची अदलाबदल, आणि तो खरा असेलच असं नाही. दोन कोन काटकोन असतील तर ते समान असतात, खरं. समान असतील तर काटकोन असतात, साफ खोटं.

मुलं विचारतात व्यत्यास वेगळा सिद्ध कशाला करायचा. मग मी परत मिस्त्रींकडे जाते. त्यांच्याकडे काटकोन नव्हताच, त्यांच्याकडे होते ३, ४, ५ आणि त्यावरून काटकोन मिळवला. पायथॅगोरसचं प्रमेय सांगतं की काटकोन असेल तर बाजूंचं ते गणित जुळतं. मिस्त्रींना उलटं हवं होतं. म्हणजे ते घर उभं आहे ते व्यत्यासावर.

कंपासपेटी कुठली घ्यावी?

महागडी नको. मोजपट्टी, कोनमापक, दोन गुण्या, कर्कटक, कंपास एवढं असलं की झालं. कर्कटक म्हणजे दोन्ही पायांना टोकं असलेलं, डिव्हायडर, कर्कट म्हणजे खेकडा, नांगीसारखं दिसतं म्हणून. गुण्या फेकून देऊ नका, एक ३०-६०-९० चा आणि एक ४५-४५-९० चा, दोन्ही शेजारी लावून ७५ मिळतो, एकावर एक ठेवून १५.

कंपास हलतो आणि वर्तुळाची दोन टोकं जुळत नाहीत ही कायमची तक्रार. वरचा स्क्रू छोट्या स्क्रूड्रायव्हरने आवळा, पेन्सिल आखूड आणि टोकदार घ्या, कंपासचं टोक आणि पेन्सिलचं टोक पाय मिटल्यावर एका पातळीत येतंय का बघा, कागदाखाली दोन-तीन जुनी पानं ठेवा म्हणजे टोक रुततं, आणि कंपास वरच्या मुठीला धरून फिरवा, पायाला धरून नाही. तरी नाही जुळलं तर कंपास न फिरवता कागद फिरवून बघा.